वाकाचे पैसे कोन देते?

मागच्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातल्या एका बांबू कुपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, जायचा योग आला. योग कसला, माझा एक जुना विद्यार्थी तिथं तोडीवर होता आणि त्याच्या मुलीचा वसतिगृहाचा अर्ज भरून द्यायचा होता. तो म्हणाला, जरा थांबा, एवढं बंडल पुरं करतो. मी बाजूच्या दगडावर बसलो. दोन घावांत एक बांबू खाली, लगेच दुसऱ्याला हात. हात असा चालत होता की पाहत राहावं. पण तोड होती गुडघ्याच्या वर. मागं उरत होते ते वीत-दीड वीत नव्हे, चांगले हात-हातभर उंच खुंट, तिरपे चिरफाळलेले. मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाही. म्हटलं, "अरे, इतक्या वरून काहून तोडतोस? खालच्या पेऱ्यावरून तोडायचं असते ना?"

त्यानं गमछानं तोंड पुसलं. "वाकाचे पैसे कोन देते, गुर्जी? घरच्यावानी तोडाचं म्हनलं तं दिवसाले अर्धे बी नाई होत."

घरच्यावानी. संध्याकाळी अर्ज भरायला त्याच्या घरी गेलो तेव्हा परसात बांबूची एक रांजी, म्हणजे बेट, दिसली. तिथला प्रत्येक खुंट जमिनीपासून वीतभर, पेऱ्याच्या जरासा वर, सुरीनं कापल्यासारखा साफ. जुने, पिवळसर पडलेले बांबू आतून काढलेले, यंदाचे हिरवे कोवळे बाहेरच्या अंगाला तसेच उभे. माणूस तोच, कुऱ्हाडही तीच.

जंगलात राहणाऱ्यांमध्ये शाश्वत तोडीबद्दल जाणीव निर्माण करायला हवी, असं वाक्य मी आजवर निदान वीस व्यासपीठांवरून ऐकलं असेल. अशा एका कार्यशाळेला मीही गेलो होतो. तालुक्याचं ठिकाण, मोठं सभागृह, मागं फ्लेक्स, टेबलावर पोह्यांच्या बश्या. महिना एप्रिलचा. ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ते त्या सकाळी मोहफुलं वेचायला रानात होते, आणि खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो: मास्तर, बचतगटाच्या दोन-तीन अध्यक्षा, सरपंचांचे यजमान. दीड तास पडद्यावर चित्रं दाखवली गेली. कुऱ्हाड कशी धरावी हे सांगणाऱ्याच्या हाताला घट्टे नव्हते. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. माझ्याही हाताला नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडं जाणिवेचा जेवढा दुष्काळ सांगितला जातो तेवढा नाही. दुष्काळ आहे तो जाणीव वापरण्यातून काही हाती लागण्याचा. ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे त्याचं त्या खुंटाशी पुढं काही नातं राहत नसेल, तर त्याला खुंटाचं शास्त्र शिकवणं म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीचा गाळ काढायला उपदेश करणं.

हे शास्त्र काही फार अवघड नाही. आपल्याकडचा मानवेल बांबू जमिनीखालच्या कंदातून वाढतो. पावसाळ्यात जे नवे कोंब येतात, ज्यांना आपण वास्ते म्हणतो, ते गेल्या एक-दोन वर्षांच्या बांबूंच्या आधारानं आणि मुख्यतः रांजीच्या बाहेरच्या कडेनं येतात. म्हणून कोवळे राखायचे, जुने काढायचे, आणि जुने असतात आत. आत शिरायला वाट हवी, म्हणून एका बाजूनं घोड्याच्या नालेसारखी जागा करत जायचं. तोड पेऱ्याच्या लगेच वर घ्यायची; पेऱ्यापासून फार वर तोडलं तर पोकळीची वाटी तयार होते, पाणी साचतं, खुंट कुजतो. पावसाळ्याच्या वाढीच्या दिवसांत हात लावायचा नाही. कंद खणायचा नाही. झालं.

आता गुडघ्यावर तोडलं तर काय होतं ते पाहा. पहिल्या वर्षी काहीच होत नाही, म्हणूनच कुणाला फिकीर नसते. चार-पाच वर्षांनी त्या खुंटांची, त्यांना फुटलेल्या काटक्यांची अशी जाळी होते की रांजी गच्च आवळली जाते. पुढच्या खेपेला येणारा मजूर आत शिरूच शकत नाही. त्याला बंडल तर भरायचं आहे. मग तो कडेचे तोडतो, म्हणजे नेमके कोवळे, ज्यांच्या जिवावर पुढचे वास्ते यायचे. आत म्हातारे बांबू वाळत उभे, बाहेर तरणे कापलेले. रांजी मरते ती अशी, दोन खेपांच्या मधल्या न वाकलेल्या कमरेमुळं. आणि वाळका बांबू गच्च साठला की वणव्याला वेगळं आवतण द्यावं लागत नाही.

सागाचंही तेच. साग खुंटावरून फुटतो. चांगला, साफ, जमिनीलगत घेतलेला खुंट दोन पावसाळ्यांत डोक्यावर जाणारे फुटवे देतो. साल ओरबाडली गेली, खुंट चिरला, की फुटवा कमजोर आणि वाऱ्यानं निखळणारा. शिवाय बुडखा म्हणजे झाडाचा सगळ्यात जाड भाग. मजुराला न पटो, लाकूड विकणाऱ्या सरकारी आगारात बसलेल्या माणसाला तर पटावं म्हणून हिशेबच मांडतो. १२० सेंटिमीटर घेराचा साग एक फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर, जास्त उंचीवर तोडला तर चौथाई घेराच्या हिशेबानं (घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी) ०.०२७ घनमीटर लाकूड रानातच राहतं. जवळपास एक घनफूट. सागाच्या घनफुटाला बाजारात काय पडतं हे घराचं दार करून घेतलेल्या कुणालाही विचारा. शंभर झाडांच्या कुपात जवळपास शंभर घनफूट असंच कुजायला सोडलं, आणि त्याबद्दल कुणाच्या मजुरीतून दमडी कापली नाही की कुणाला दमडी जास्त मिळाली नाही. मजुरी नगावर किंवा घनमीटरवर, आणि मोजमाप आडव्या लाकडाचं. उभ्या खुंटाचं मोजमाप होतं ते फक्त हॅमरचा शिक्का शोधायला. झाड परवानगीचं होतं की चोरीचं, हे कळावं म्हणून शिक्का छातीच्या उंचीवर आणि बुडख्यावर असा दोन ठिकाणी मारतात. खुंट पुरावा म्हणून मोलाचा असतो. उद्याचं झाड म्हणून त्याच्याकडं पाहणारं कोणी त्या कुपात नसतं.

हे आजचं नाही. आलापल्लीचा साग इंग्रजांच्या काळापासून नावाजलेला. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड २०२३ साली बल्लारपूरच्या आगारातून गेलं तेव्हा आपल्या सगळ्यांचा ऊर भरून आला, माझाही आला. परतवाड्याचा लाकूड बाजारही तसाच नामी, मेळघाटच्या सागावर उभा राहिलेला. पण या दीडशे वर्षांत जंगलातल्या माणसाची ओळख एकच राहिली: मजूर. हत्तीही मजूरच. कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती आज पर्यटकांसाठी आहेत, एके काळी ते लाकूड ओढायला होते. हत्तीची जाणीवजागृती कुणी केली नाही, कारण त्याच्यामागं माहूत होता. माणसामागं मुकादम होता.

मध्ये एक वेगळी वाट निघाली होती, ती लोक विसरले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं ठेकेदार हटवून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्यांना कुपं द्यायला सुरुवात केली. पुढं आपल्याकडंही अशा सोसायट्या झाल्या. कल्पना चांगली होती: तोडणाराच सोसायटीचा सभासद, नफ्यात त्याचा वाटा. पण वाटा होता तो तोडलेल्या लाकडातला. कूप तोडून झालं की सोसायटीचा त्या जमिनीशी संबंध संपला, पुढच्या साली दुसरं कूप. त्यामुळं ठेकेदार गेला, मुकादमी राहिली. काही सोसायट्यांत तर ठेकेदारच अध्यक्षाच्या खुर्चीत मागच्या दारानं येऊन बसले, हे आमच्या भागात कुणालाही ठाऊक आहे.

खरा फरक पडला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानं. गावाला आपल्या जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क आला आणि बांबू कायद्यानं गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून गावाला घेता-विकता येणारी रानातली चीज, ठरला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच हवा, असा घोळ दीड-दोन वर्षं चालला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गावानं त्याच्या कितीतरी आधी दिली होती. पण घोषणेला पावतीपुस्तक लागतं, हे त्या दिवशी सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं. आज गडचिरोलीत हजारावर गावांकडं असा सामूहिक हक्क आहे.

हक्क आला की जाणीव कशी वागायला लागते याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा. गोंडपिपरी तालुक्यातलं लहानसं गाव, २०१२ साली १००६ हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तेंदूपान म्हणजे आपल्या भागातलं मे महिन्याचं रोख पीक. लग्नं त्याच्यावर होतात. पण पानं चांगली, कोवळी यावीत म्हणून झुडपं छाटतात, आग लावतात, फळ धरत नाही, रोपं मरतात. पाचगावनं तेंदूपान तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. कुठल्या कार्यशाळेत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आग लागली तर जळणारं जंगल आता कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर बदललं होतं, एवढंच.

इथवर वाचून माझ्या चळवळीतल्या मित्रांना बरं वाटलं असेल. आता त्यांना न आवडणारं सांगतो. "आदिवासीला जंगलाचं सगळं कळतं" हे वाक्य मला त्या फ्लेक्सवरच्या वाक्याइतकंच पोकळ वाटतं. माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांना जे कळत होतं ते निस्तारापुरतं: घराला, कुंपणाला, टोपलीला किती बांबू लागतात आणि ते कुठल्या रांजीतून कसे काढायचे. वर्षाला चाळीस-पन्नास. ते ज्ञान पक्कं होतं, पिढ्यान्‌पिढ्या तावूनसुलाखून निघालेलं. पण हजारोंचा लिलाव, ट्रकच्या खेपा, एका कुपात चार वर्षांनी परत यायचं की तीन, यंदा फुलोरा आला तर काय करायचं, हे आजोबांना कधी ठरवावं लागलंच नव्हतं. विक्रीची तोड ही नवी गोष्ट आहे. ती शिकावीच लागते.

आणि न शिकता काय होतं तेही पाहिलेलं आहे. हक्क मिळाल्यावर काही ग्रामसभांनी आपलं बांबूचं जंगल सरळ एका ठेकेदाराच्या हवाली केलं. त्यानं बाहेरून टोळ्या आणल्या, महिना-दीड महिन्यात रान साफ केलं, काहींचे पैसेही बुडवले. ठरावावर ग्रामसभेचा शिक्का होता, त्यामुळं बोंब मारायलाही तोंड उरलं नाही. खात्यातली मंडळी असे दाखले बोटावर मोजून दाखवतात: बघा, दिला हक्क, काय केलं? मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देणारे हातही आपलेच आहेत. चारोळीच्या चार दाण्यांसाठी अख्खी फांदी उतरवणारेही परग्रहावरून येत नाहीत. हे नाकारण्यात अर्थ नाही.

फक्त दोष कुणाच्या पदरात किती, हे मापानं बोलावं. मिश्र जंगल काढून तिथं एकटा साग लावण्याचं काम १९७४ पासून एका सरकारी महामंडळानं आखून-रेखून, नकाशे काढून केलं. मोह, चारोळी, तेंदू, येन, बेहडा गेले आणि रांगेत उभा साग आला. जाणीव कुणाची कमी होती तिथं? येनाच्या झाडाला देव मानणाऱ्याची, की त्याला नकाशात "इतर प्रजाती" लिहिणाऱ्याची?

यातलं काही अज्ञान तर चक्क राखून ठेवलेलं आहे. कुठलं कूप कधी तोडायचं, किती झाडं ठेवायची, किती घेराखालचं तोडायचं नाही, हे सगळं दहा वर्षांच्या कार्य आयोजनेत लिहिलेलं असतं. लोक त्याला वर्किंग प्लॅन म्हणतात. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानंतर तर मंजूर आयोजनेशिवाय राज्याला जंगलात तोड करताच येत नाही. म्हणजे शाश्वत तोडीचं जे काही ज्ञान सरकारला आहे ते या जाडजूड ग्रंथात आहे. तो बहुतेक इंग्रजीत. ज्याच्या हातून ती आयोजना अमलात येते त्याला मराठी येते, घरी तो गोंडी किंवा माडिया बोलतो. एका वनरक्षकाला मी विचारलं, तुमच्या हद्दीचं, या बीटाचं पान तुम्ही वाचलंय का? तो हसला. म्हणाला, "सर, आमाले फक्त मार्किंगची यादी येते." चंद्रपूरला वन अकादमी आहे, अधिकारी घडवते. चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं बांबूपासून वस्तू करायला शिकवतात. दोन्ही हवीतच. पण अधिकारी आणि कारागीर या दोघांच्या मधे जो माणूस उभा आहे, झाडाला पहिला घाव घालणारा, त्याची शाळा कुठं आहे?

त्याच्या जिवाचंही कुणी बोलत नाही. तोडलेलं झाड शेजारच्या झाडावर अडकतं, ते सोडवायला हाच खाली जातो. कोणत्या बाजूला पाडायचं, त्या बाजूला आधी किती खाच घ्यायची, मागं पळायची वाट आधी कशी मोकळी करायची, हे शिकवलं तर रोपंही वाचतात आणि माणूसही वाचतो. पायात स्लिपर आणि डोक्याला गमछा बांधून हे काम चालतं आणि आपण शाश्वततेवर चर्चासत्रं घेतो.

मग काय करायचं? मला विचाराल तर सगळ्यात आधी मजुरीचा दर बदला. बांबूच्या नगावर दर असेल तर नगच मिळतील. दर रांजीवर लावून पाहा: अमुक इतक्या रांज्या साफ केल्या, नियमानं तोडल्या, त्याचे इतके. निम्मी रक्कम तोडीच्या वेळी, उरलेली पावसाळ्यात त्या रांज्यांना वास्ते किती आले ते मोजून. सागाच्या कुपात खुंटाची उंची मोजा आणि वाचलेल्या लाकडातला हिस्सा तोडणाऱ्याला द्या. घनफुटाचा हिशेब वर दिलाच आहे, सरकारचं काही जात नाही. कार्य आयोजनेतलं प्रत्येक गावाचं पान त्या गावाच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा, आणि हॅमर मारताना गावची दोन माणसं सोबत असू द्या. आणि शिकवायला मास्तर नको, साहेब नको. मेंढ्याचा, पाचगावचा तोडणारा आणून आठ दिवस कुपात ठेवा. तो बोलेल कमी. त्याचे खुंट पाहून बाकीचे शिकतील.

लाकडाचा प्रश्न मात्र इथं अडतो, हे सांगायला हवं. वनहक्क कायद्याच्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आहे, इमारती लाकूड नाही. म्हणजे ज्या जंगलाचं व्यवस्थापन गावानं करायचं, त्यातल्या सगळ्यात किमती झाडावर गावाची मालकी नाही. सागाचं रोप वणव्यातून वाचवायचं गावानं आणि तीस-चाळीस वर्षांनी ते आगारात जाणार दुसऱ्याच्या वहीत. बांबूच्या बाबतीत जी गोष्ट दिसली ती सागाच्या बाबतीत दिसायची असेल तर त्या वहीत गावाचं नाव कुठं तरी यावं लागेल. किती, कसं, यावर वाद होऊ द्या. मला स्वतःला तोडीच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा पुरेसा वाटतो, माझ्या काही मित्रांना पूर्ण मालकीखेरीज काही मान्य नाही. पण "आधी जाणीव येऊ द्या, मग हिस्स्याचं बघू" हा क्रम उलटा आहे, एवढ्यावर आमचं एकमत आहे.

रांजीवरच्या दराची गोष्ट मी हवेत बोलत नाही. यंदा दिवाळीनंतर आमच्या बाजूच्या एका ग्रामसभेत हाच विषय निघाला. माझा विद्यार्थी तिथला, त्यानंच काढला. दोन तास वाद झाला. तरुण पोरांचं म्हणणं, निम्मे पैसे पावसाळ्यापर्यंत अडकले तर खायचं काय? शेवटी निम्म्याचे पाव झाले: पाऊण रक्कम हातोहात, पाव मागाहून. मग एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, वास्ते मोजायचे कोनी आणि कवा? तेव्हा तर धानाचं रोवणं चालू असते, बांधीतून कोनाले फुरसत आहे? हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ठरलं, मोजणी रोवणं आटोपल्यावर, पण पोळ्याच्या आत, आणि मोजायला दोन बाया, दोन गडी. मोजणारांच्या घरी त्या आठवड्यात वास्त्याची भाजी शिजू नये, असं मागून कोणी तरी ओरडलं. सभा हसली. सचिवानं पेन उचललं, जरा विचार केला, आणि तेवढं काही ठरावात लिहिलं नाही.